गॉल फेस हॉटेल, कोलंबो

श्रीलंकेच्या कोलंबो शहरात समुद्राला अगदी लागून असलेले, १८६४ मध्ये सुरू झालेले आलिशान हॉटेल. आशियातील आजही चालू असलेल्या सर्वांत जुन्या मोठ्या हॉटेलांत त्याची गणना होते. सिंगापूरचे रॅफल्स (१८८७) आणि मुंबईचे ताजमहाल (१९०३) ही त्याच्या मागून आली. पश्चिमेला समुद्र, उत्तरेला ‘गॉल फेस ग्रीन’ हे मोकळे मैदान आणि पूर्वेला गॉलकडे जाणारा हमरस्ता अशी त्याची जागा आहे. या हॉटेलात राहण्याची खरी गोडी या जागेतच आहे.

चार ब्रिटिश व्यावसायिकांनी हॉटेल काढले तेव्हा सुएझ कालवा खुला व्हायला पाच वर्षे होती आणि सिलोनचे मुख्य बंदर कोलंबो नसून दक्षिणेचे गॉल होते. कोलंबोचा किनारा उघडा असल्याने नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की तिथे नांगर टाकून राहणे जहाजांना जड जाई. १८७५ मध्ये लाटा अडवणाऱ्या मोठ्या बांधाची पायाभरणी झाली, पुढच्या दहा वर्षांत तो उभा राहिला आणि युरोपातून ऑस्ट्रेलिया किंवा चीनकडे जाणाऱ्या बोटी गॉल सोडून कोलंबोला लागू लागल्या. बोट कोळसा भरायला थांबली की उतारूंना जमिनीवर पाय ठेवायला अवधी मिळे. डोंगरातले मळेवालेही कामासाठी शहरात उतरत. वाढलेल्या वर्दळीला मूळची इमारत अपुरी पडली. आज डोळ्यांत भरणारी लांबलचक वास्तू बव्हंशी १८९४ च्या सुमारास वास्तुविशारद एडवर्ड स्किनर यांच्या आराखड्यानुसार झालेल्या विस्ताराची आहे.

समोरच्या मैदानाची गोष्ट हॉटेलाहून जुनी. कोलंबोच्या किल्ल्यातल्या तोफांना मारा करायला मोकळी जागा हवी म्हणून डचांनी हा पट्टा मोकळा ठेवला, असे सांगतात. पुढे इंग्रजांनी तिथे घोड्यांच्या शर्यती लावल्या. गव्हर्नर सर हेन्री वॉर्ड यांच्या काळात समुद्रकाठचा फिरण्याचा रस्ता बांधला गेला. तिथल्या शिलालेखावर काम १८५६ मध्ये सुरू होऊन १८५९ मध्ये पुरे झाल्याची नोंद असून, कोलंबोच्या स्त्रिया आणि मुलांच्या हितासाठी पुढच्या गव्हर्नरांनी हा रस्ता जपावा, अशी शिफारस कोरलेली आहे. वसाहतीच्या राज्यकर्त्याने दगडावर कोरावी अशी ही मागणी नव्हे, म्हणूनच ती वाचायला मुद्दाम थांबावे. आज मैदान सुमारे अर्धा किलोमीटर लांब आहे. संध्याकाळी तिथे पतंग उडतात, कुटुंबेच्या कुटुंबे वाऱ्याला येऊन बसतात आणि हातगाड्यांवर ‘इस्सो वडे’ मिळतात. डाळीच्या चपट्या वड्यावर अख्खी कोळंबी दाबून ती तळलेली असते आणि वर कांदा-मिरचीचे तिखट घालून देतात. कोकणातल्या माणसाला ही चव परकी वाटत नाही. हॉटेलात उतरलेल्याने एक संध्याकाळचे खाणे तरी या गाड्यांवर करावे.

जुन्या भागातल्या खोल्या एका मापाच्या नाहीत. छत उंच, जमीन लाकडी, जिने रुंद. समुद्राकडची खोली घेतली तर लाटांचा आवाज रात्रभर सोबतीला असतो, मैदानाकडची घेतली तर गर्दीचा. शांत झोपेचीच ज्याला गरज आहे त्याने हे आधी लक्षात घ्यावे. पोहण्यासाठी समुद्रात उतरण्याची ही जागा नाही. लाटा जोरकस असतात आणि पाणी हॉटेलाच्या कडेला येऊन आदळते. पोहायला समुद्राच्या काठावरच तलाव आहे.

दिवसाचा उत्तम वेळ व्हरांड्यात जातो. दुपारी तिथे सिलोनचा चहा आणि त्यासोबत सँडविच, केक, स्थानिक तिखटमिठाचे पदार्थ मांडले जातात. कावळे धीट असल्याने बशीवर लक्ष ठेवावे लागते. व्हरांड्यापुढे काळ्या-पांढऱ्या चौकटींची गच्ची आहे आणि सूर्य मावळताना तिथला राष्ट्रध्वज रोज समारंभाने उतरवला जातो, तोही बॅगपाइपच्या सुरावर. कोलंबो विषुववृत्ताजवळ असल्याने वर्षभर सूर्यास्त पावणेसहा ते साडेसहाच्या आसपासच होतो आणि लगेच अंधार पडतो. साडेपाचपर्यंत जागा धरलेली बरी.

या हॉटेलाची ओळख झालेला माणूस म्हणजे दरवान चट्टू कुट्टन. केरळातून तरुणपणी सिलोनला आलेले कुट्टन १९४२ मध्ये इथे कामाला लागले आणि सत्तर वर्षांहून अधिक काळ टिकले. त्याच वर्षी ५ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, जपानी विमानांनी कोलंबोवर हल्ला केला होता. पांढरा गणवेश, झुपकेदार पांढऱ्या मिशा आणि दोन्ही हात जोडून केलेले स्वागत ही त्यांची छबी जगभरच्या पाहुण्यांच्या छायाचित्रांत आहे. २०१४ मध्ये, ९४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. राजघराण्यातले आणि राजकारणातले किती पाहुणे इथे येऊन गेले याच्या याद्या हॉटेलाने जपल्या आहेत. प्रिन्स फिलिप यांनी नौदलात असताना सिलोनमध्ये वापरलेली मोटारही तिथे ठेवली आहे. पण पिढ्यान्‌पिढ्या दार उघडणाऱ्या माणसाचे नाव त्या याद्यांहून ठळक झाले, हे हॉटेलाच्या इतिहासातले फार मोलाचे वाटते.

२०२२ मध्ये आर्थिक संकटाने पिचलेले लोक याच मैदानावर जमले. एप्रिलपासून तिथे तंबूंचे ‘गोटा गो गामा’ हे गाव वसले आणि जुलैत राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे यांना देश सोडावा लागला. मैदानाच्या उत्तर टोकाला राष्ट्राध्यक्षांचे सचिवालय आणि दक्षिण टोकाला हे हॉटेल, यांच्या मधल्या जागेत हे सारे घडले. सचिवालयाच्याही उत्तरेला, समुद्रात भराव टाकून २६९ हेक्टरांचे ‘पोर्ट सिटी’ उभे राहते आहे. त्यामुळे गच्चीवरून उजवीकडे दिसणारे क्षितिज पूर्वीसारखे मोकळे राहिलेले नाही.

मुंबईहून विमानाने कोलंबो साधारण अडीच तासांवर आहे. डिसेंबर ते मार्च हा काळ कोरडा आणि समुद्र त्यातल्या त्यात शांत. पावसाळा इथे कोकणापेक्षा थोडा आधी, मे महिन्यातच लागतो. त्या दिवसांत समुद्राकडच्या खोल्यांच्या खिडक्या बहुतेक बंदच ठेवाव्या लागतात.