मुरुमांवरचे उपाय: काटेसावरीच्या काट्यापासून मेडिकलमधल्या ट्यूबपर्यंत

काटेसावरीच्या कोवळ्या खोडावरचा काटा जवळून पाहा. बूड रुंद, वर निमुळता, टोक कडक. सुश्रुतसंहितेनं मुरुमाला हीच उपमा दिली आहे. कफ, वात आणि रक्त बिघडलं की तरुणांच्या तोंडावर शाल्मलीच्या काट्यांसारख्या पुटकुळ्या येतात, त्या मुखदूषिका. नंतरच्या ग्रंथांनी त्यांना यौवनपिडका म्हटलं आणि मराठीत त्याच्या तारुण्यपीटिका झाल्या. सुश्रुताचा उपाय दुहेरी आहे: वमन, म्हणजे औषध देऊन उलटी करवणं, आणि वेखंड, लोध्र, सैंधव, मोहरी यांचा लेप. लोध्र तुरट, सैंधव पाणी ओढणारं, मोहरी झोंबणारी. म्हणजे तेलकट चेहरा सुकवायचा, हा विचार तेव्हापासूनचा आहे आणि घरगुती उपायांवर आजही त्याचंच राज्य आहे.

नागपुरात त्याचं रूप संत्र्याच्या सालीचं. हंगामात घरोघरी साली गच्चीवर वाळत पडतात, मिक्सरमधून निघतात आणि दुधात किंवा दह्यात कालवून तोंडाला लागतात. यात चुका दोन होतात. भुकटी वस्त्रगाळ केली नाही तर तिचे कण चिमटीत वाळूसारखे लागतात. ते सुजलेल्या मुरुमावर घासले की त्वचा खरचटते आणि तिथे काळा डाग उरतो. दुसरं, सालीतल्या तेलातलं लिमोनीन हवेत जुनं होत गेलं की ॲलर्जी आणतं. म्हणून वर्षभराची बरणी भरून ठेवणं वाईटच. लेप पूर्ण वाळून ताणू देऊ नये, दहा मिनिटांत धुवावा. एवढं करूनही तो वरचं तेल तेवढं टिपतो.

लिंबाचा रस मात्र लावूच नये. त्वचेचा पीएच (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५ च्या आसपास असतो, रसाचा २ च्या. शिवाय लिंबातली फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं उन्हाशी मिळून त्वचा भाजतात. एप्रिल-मे महिन्यांतल्या नागपूरच्या उन्हात लिंबू लावून बाहेर पडणं म्हणजे फोड आणि पुढे कित्येक आठवडे न जाणारा काळा पट्टा. कपाळावर, केसांच्या कडेला बारीक पुटकुळ्यांची रांग असेल तर आधी डोक्याचं तेल थांबवून पाहावं. तेलानं येणाऱ्या या मुरुमांचं वर्णन १९७० सालीच झालेलं आहे. हळदीची मोठी बाजारपेठही घरगुती उपायांवरच्या श्रद्धेवरच उभी राहिली. १९५२ साली सुरू झालेल्या विकोची हळद-चंदनाची क्रीम १९७५ मध्ये आली.

सुकवण्यानं भागत नाही, कारण मुरूम वर सुरू होतच नाही. वयात येताना अँड्रोजन हे संप्रेरक वाढतं, तैलग्रंथी जास्त तेल सोडतात, छिद्राच्या अस्तराच्या पेशी सुटून न जाता चिकटतात आणि बूच बसतं. त्यात जिवाणू वाढतात, सूज येते. ब्लॅकहेडचा काळेपणा मळाचा नसतो, मेलॅनिन या त्वचेच्या रंगद्रव्याचा आणि हवेशी संबंध आलेल्या तेलाचा असतो. म्हणून घासून तो जात नाही. डोळ्यांना न दिसणाऱ्या बुचापासून दिसणाऱ्या मुरुमापर्यंत साधारण आठ आठवडे जातात. आज दिसलेला मुरूम दोन महिन्यांपूर्वीचा असतो, आणि खरं औषधही म्हणूनच दोन-तीन महिने मागतं.

हे बूचच फोडणारं औषध हातात आलं ते १९६९ मध्ये. अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन आणि सहकाऱ्यांनी व्हिटॅमिन ए ॲसिड, म्हणजे ट्रेटिनॉइन, मुरुमांवर लावून दाखवलं. अमेरिकेत ते १९७१ मध्ये मंजूर झालं, त्याच घराण्यातलं सौम्य ॲडापॅलिन १९९६ मध्ये. त्याआधी गंधक आणि सॅलिसिलिक ॲसिड होतंच. ॲडापॅलिन ०.१ टक्का रात्री, तोंड धुऊन पूर्ण कोरडं झाल्यावर, वाटाण्याएवढं अख्ख्या चेहऱ्याला. फक्त मुरुमावर ठिपका नाही. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मुरूम वाढल्यासारखे वाटतात आणि बहुतेक जण नेमके तिथेच सोडून देतात. गरोदरपणात लावू नये. जिवाणू मारणारं बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के पुरतं, १० टक्क्यांनी जळजळच वाढते. उशीच्या अभ्र्याचा रंगही उडतो. क्लिंडामायसिन हे अँटिबायोटिक नुसतं लावलं की जिवाणू दाद देईनासे होतात, म्हणून ते पेरॉक्साइडबरोबरच. डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकची गोळी पेलाभर पाण्यासोबत, घेतल्यावर लगेच आडवं होऊ नये, आणि उन्हाळ्यात सनस्क्रीनशिवाय नाही.

गाठी आणि व्रण पडणाऱ्या मुरुमांसाठी १९८२ मध्ये पोटात घ्यायचं आयसोट्रेटिनॉइन आलं. रोज किलोमागे अर्धा मिलिग्रॅमच्या आसपास, संपूर्ण उपचारात मिळून किलोमागे १२० ते १५० मिलिग्रॅमपर्यंत. यकृत आणि चरबीची रक्ततपासणी लागते. गर्भाला गंभीर व्यंग होतं, म्हणून औषध चालू असताना आणि थांबल्यावर एक महिना गर्भधारणा टाळायलाच हवी.

या सगळ्या इतिहासात सर्वांत दुखणारं पान आहे तीन दिवसांत चेहरा उजळवणाऱ्या ट्यूबचं. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही स्टेरॉइडं सूज झटक्यात उतरवतात, म्हणून काउंटरवरून सहज हातात आली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, देशातल्या १२ केंद्रांवरच्या अभ्यासात चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण अशी ट्यूब लावत होते. कोणी गोरेपणासाठी, कोणी मुरुमांसाठी. आणि सर्वांत जास्त दिसलेला दुष्परिणाम होता मुरूमच. त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसतात, लव वाढते. मार्च २०१८ मध्ये १४ स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये आली. ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरी मैत्रिणीची ट्यूब, वहिनीची ट्यूब हा प्रवास चालूच आहे.

अशी ट्यूब महिनोन् महिने लावली असेल तर ती अचानक बंद केल्यावर चेहरा लाल होऊन आग होते. घाबरून लोक तीच पुन्हा लावतात आणि चक्र सुरू राहतं. नागपुरातलं मेडिकल कॉलेजचं रुग्णालय असो, मेयो असो की मिहानचं एम्स, त्वचारोग ओपीडीला जाताना रिकामी झालेली ट्यूब आणि तिचं खोकं सोबत न्या. बारीक अक्षरातलं नाव वाचूनच डॉक्टरांना स्टेरॉइड किती ताकदीचं होतं आणि ते एकदम थांबवायचं की टप्प्याटप्प्यानं, हे ठरवता येतं.