शेवटच्या आजारपणात धर्मादाय मदत: पुण्यात अर्ज नेमका कुठे अडतो

"पिशवीत सगळं आहे," असं म्हणत माणसं समोर बसतात आणि टेबलावर पिशवी उलटी करतात. एक्स-रेची मोठाली पाकिटं, मेडिकलची बिलं, तीन वर्षांपूर्वीची सोनोग्राफी, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिकासुद्धा. ज्या कागदांवर अर्ज उभा राहतो, ते मात्र त्यात नसतात. पुण्यात म्हाताऱ्या आणि दुर्धर आजारी माणसांच्या घरच्यांना मी बरीच वर्षं अर्ज भरून देते. परत येणारे बहुतेक अर्ज पात्र माणसांचेच असतात, आणि त्याचाच जास्त त्रास होतो.

आधी कुठली मदत हवी ते ठरवा. धर्मादाय रुग्णालयातली राखीव खाट, वेदना कमी करणारं शुश्रूषा केंद्र (ज्याला आपण हॉस्पिस किंवा पॅलिएटिव्ह केअर म्हणतो) आणि वृद्धाश्रम, या तिन्हींच्या अटी वेगवेगळ्या आहेत. एकच फाइल तिन्हीकडे फिरवली की तिन्हीकडून परत येते.

शुश्रूषा केंद्रासाठी डॉक्टरांची चिठ्ठी

वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर अँड ट्रेनिंग सेंटर 1997 पासून कॅन्सरच्या रुग्णांची आणि त्यांच्या घरच्यांची मोफत काळजी घेतं. अशा ठिकाणी जाताना लोक उत्पन्नाच्या दाखल्यामागे आठवडा घालवतात. खरी गरज असते निदानाच्या कागदाची, म्हणजे बायोप्सी रिपोर्टची, आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या स्पष्ट पत्राची: आजार कोणता, कुठवर पसरला, आजवर काय उपचार झाले, आणि आता आजार बरा करण्याऐवजी त्रास कमी करण्यावर भर द्यायचा आहे.

हे शेवटचं वाक्य मिळवणं सगळ्यात अवघड. डिस्चार्ज कार्डावर "दोन आठवड्यांनी ओपीडीत दाखवा" एवढंच लिहून येतं. डॉक्टरांना ते वाक्य लिहिणं जड जातं आणि घरच्यांना मागणं. पण मागा. "डॉक्टर, पॅलिएटिव्हसाठी रेफरन्सचं पत्र द्या," असं सरळ शब्दांत म्हणा. तुम्ही आशा सोडली, असा त्याचा अर्थ होत नाही. बायोप्सीचा मूळ रिपोर्ट हरवला असेल तर जिथे तपासणी झाली तिथून दुसरी प्रत मिळते. बिलावरचा नोंदणी क्रमांक जवळ ठेवा.

अजून एक गोष्ट कुठल्याही फॉर्मवर नसते. "बाबांना काही सांगितलेलं नाही, तुम्हीही बोलू नका," असं म्हणत घरचे रुग्णाला घेऊन येतात. तिथली माणसं रुग्णाशी बोलणारच, त्याला काय हवं ते विचारणारच. एकदा एका आजोबांच्या मुलीने दारातच मला गप्प राहायची खूण केली. आजोबा मात्र खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले, "तिला वाटतं मला कळलं नाही." दाखल करण्याआधी घरात थोडं तरी बोलून घ्या. आणि रुग्णाजवळ घरचं कोण राहणार तेही ठरवून जा, कारण हा प्रश्न पहिल्याच दिवशी येतो.

राखीव खाट: हक्क आहे, पण वेळेत सांगावं लागतं

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 41अअ खाली मुंबई उच्च न्यायालयाने 2006 साली घालून दिलेली योजना धर्मादाय रुग्णालयांना लागू आहे. 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. निर्धन म्हणजे कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 1 लाख 80 हजारांपर्यंत, दुर्बल म्हणजे 3 लाख 60 हजारांपर्यंत. यासाठी रुग्णालयं इतर रुग्णांच्या बिलातून 2 टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकतात. तेव्हा ही भीक नाही. मागताना मान खाली घालायची गरज नाही. दुर्बल गटाने एवढं मात्र लक्षात ठेवावं की औषधं आणि इम्प्लांटचा निम्मा तरी खर्च स्वतःला करावा लागतो.

सगळ्यात जास्त माणसं एकाच कारणाने अडकतात: डिस्चार्जच्या दिवशी बिल हातात पडल्यावर सवलत मागायला जातात. दाखल होतानाच रुग्णालयाच्या सोशल वर्करला गाठा आणि लेखी अर्ज देऊन पोच घ्या. तातडीच्या वेळी मात्र कागदांसाठी थांबू नका. जीव वाचवणारे उपचार आधी द्यायचे आणि अनामत रक्कम मागायची नाही, हे रुग्णालयावर बंधनकारक आहे. दाद लागली नाही तर ढोले पाटील रस्त्यावर सह धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आहे. तिथे लेखी तक्रार द्या. तोंडी सांगून काही होत नाही.

आता राखीव खाटेसाठी लागणारा उत्पन्नाचा दाखला. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला "एक वर्षाचा" म्हणतात, म्हणून लोक मिळालेल्या तारखेपासून वर्ष मोजतात. तसं नसतं. तळाची ओळ वाचा, तिथे 31 मार्चची तारीख छापलेली असते. 2024-25 च्या उत्पन्नाचा दाखला 31 मार्च 2026 पर्यंतच चालतो. तो तुम्ही फेब्रुवारी 2026 मध्ये काढला असेल, तर हातात जेमतेम महिना राहतो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात खिडकीवरून परत आलेले चेहरे मी दरवर्षी पाहते. ही तारीख ठळक छापायला कुणाचं काय जातं, मला खरंच कळत नाही.

दुसरी खोच तालुक्याची. धायरीसारखी गावं महापालिकेत आली, पण महसुली तालुका हवेलीच राहिला. पुणे शहर तालुक्यात अर्ज टाकला की पंधरा दिवस वाया जातात. घराच्या सातबाऱ्यावर तालुका कोणता आहे ते पाहा. भाड्याने राहत असाल तर घरमालकाला विचारा.

रेशनकार्ड पांढरं आहे म्हणून घरीच बसलेले लोक भेटतात. पांढऱ्या कार्डाची मर्यादा 1 लाखाच्या वरची आहे, राखीव खाटांच्या योजनेची 3 लाख 60 हजारांपर्यंत. मधल्या सगळ्यांनी तहसीलदाराचा दाखला काढावा.

नावातला फरक बायकांच्या बाबतीत हमखास निघतो. आधारवर सुमन, केसपेपरवर सुमनबाई, रेशनकार्डावर माहेरचं आडनाव. गॅझेटमध्ये नाव बदलून घ्यायच्या मागे धावायला रुग्णाकडे वेळ नसतो. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून जोडा. आणि जे काही सही-अंगठ्याचं असेल ते रुग्ण शुद्धीत असतानाच करून घ्या. सलाइनमुळे सुजलेल्या बोटाचा ठसा शाईत पुन्हा पुन्हा बुडवूनही उमटत नाही. मी ते हात धरून पाहिलंय.

घरातलं माणूस 70 च्या पुढचं असेल तर आधी आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. ऑक्टोबर 2024 पासून सुरू आहे, उत्पन्नाची अट नाही, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे रुग्णालयातले उपचार मिळतात. वय आधारवरचं धरतात. आधारवर अंदाजे जन्मसाल टाकलेलं असेल तर आजच तपासा, आणि मोबाइल नंबर जोडलाय का तेही पाहा.

वृद्धाश्रम

नवी पेठेतल्या "निवारा"सारखी जुनी घरं पुण्यात आहेत, पण अनेक वृद्धाश्रम स्वतः चालू-फिरू शकणाऱ्यालाच घेतात. अंथरुणाला खिळल्यावर अर्ज केला की नकार येतो, आणि त्यात संस्थेचाही दोष नसतो, कारण तेवढी माणसं त्यांच्याकडे नसतात. चौकशीच्या पहिल्याच फोनवर खरं सांगा: डायपर लागतं का, रात्री उठतात का, विसरतात का. लपवून आत घातलेलं माणूस महिन्याभरात परत पाठवलं जातं, आणि ते त्याला फार लागतं. बहुतेक ठिकाणी आजारपणात धावून येणाऱ्या नातेवाइकाचं हमीपत्रही लागतं. कुठे विचारावं कळत नसेल तर ज्येष्ठांसाठी 14567 ही हेल्पलाइन आहे.

घरीच ठेवणार असाल तर

घरी मृत्यू झाला तर कारणाचा वैद्यकीय दाखला लागतो, नमुना 4अ. तो शेवटच्या आजारात तपासणाऱ्या डॉक्टरांनी द्यायचा असतो. रुग्ण दोन महिने घरी आणि एकाही डॉक्टरने पाहिलेलं नाही, अशी वेळ आली की मध्यरात्री घरचे फोन लावत सुटतात आणि अनोळखी डॉक्टर सही करायला धजत नाहीत. ते बरोबरही आहे. म्हणून जवळच्या फॅमिली डॉक्टरांना आताच घरी बोलवा, फाइल दाखवा, ठरावीक दिवसांनी येऊन तपासायला सांगा आणि प्रत्येक भेटीची चिठ्ठी जपून ठेवा. रात्री फोन केला तर याल का, हेही स्पष्ट विचारा. मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची असते. रुग्णाच्या आधारच्या दोन प्रती आणि डॉक्टरांचा नंबर एका पाकिटात घालून दाराजवळच्या कपाटात ठेवा, आणि ते कुठे आहे हे घरातल्या दोघांना तरी सांगून ठेवा.