गतिमान भूमिती प्रणाली : शिक्षक-साहाय्य

पडद्यावरील आकृतीचा एखादा बिंदू ओढला असता रचनेतील संबंध कायम ठेवून आकृती बदलत जाते, अशा संगणक-प्रणाली गणिताच्या तासाला वापरण्यासाठी शिक्षकांना दिले जाणारे प्रशिक्षण, पाठसाहित्य व वर्गातील सोबत.

या प्रणालींच्या उगमाबाबत मतभेद आहेत. जूडा श्वार्ट्झ व मिखाल येरुशाल्मी यांची ‘जिऑमेट्रिक सपोझर’ (१९८० च्या दशकाचा मध्य) काही अभ्यासक पहिली मानतात. तीत एकदा केलेली रचना नव्या आकृतीवर पुन्हा करता येई. बिंदू सलग ओढता येत नसे. ओढणे हे व्यवच्छेदक लक्षण धरल्यास फ्रान्समधील ग्रनोबल येथील झां-मारी लाबोर्द यांच्या गटाची ‘कॅब्री’ आणि निकोलस जॅकिव यांची ‘स्केचपॅड’ (प्रकाशन १९९१) यांच्यापासून सुरुवात मानावी लागते. दोन्ही गट या कल्पनेपर्यंत स्वतंत्रपणे पोहोचले, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. आज सर्वाधिक परिचित असलेली ‘जिओजिब्रा’ मार्कुस होहेनवार्टर यांच्या साल्झबुर्ग विद्यापीठातील पदव्युत्तर कामातून २००१–०२ च्या सुमारास आकाराला आली.

शिक्षकाला मदत नेमकी कुठे लागते, हे ओढण्याच्या क्रियेतच दिसते. नजरेच्या अंदाजाने चार बिंदू ठेवून काढलेला चौरस एक शिरोबिंदू ओढताच मोडतो. लंबरेषा व वर्तुळे यांच्या आधारे रचलेला चौरस लहानमोठा होतो, फिरतो, पण चौरसच राहतो. पहिला चौरस का मोडला, ही चर्चा हाच खरा पाठ. ती घडवण्याची तयारी बटणांची माहिती देऊन होत नाही. अंकांचीही अडचण येते. त्रिकोणाचे कोन ४०.०४°, ६०.०४° व ७९.९२° असतील आणि पडदा एकच दशांश स्थळ दाखवत असेल, तर दिसणाऱ्या मापांची बेरीज १७९.९° होते. अशा वेळी पूर्णांकन समजावून सांगायचे आणि मापनाने सिद्धता होत नाही हेही दाखवायचे, तर शिक्षकाने हा प्रसंग आधी स्वतः अनुभवलेला असावा.

साहाय्याच्या स्वरूपाविषयी दोन विचारप्रवाह आहेत. पुन्या मिश्रा व मॅथ्यू केलर (२००६) यांनी ली शुलमन यांची विषयाध्यापन-ज्ञानाची (विशिष्ट विषय कसा शिकवावा याच्या ज्ञानाची) कल्पना विस्तारून तीत तंत्रज्ञानाचे ज्ञान जोडले. प्रशिक्षण-आराखड्यांत हीच मांडणी अधिक आढळते. फ्रेंच परंपरेत, पिएर राबार्देल यांच्या विवेचनावरून, वस्तू वापरता वापरता विचाराचे साधन बनते असे मानतात. ल्युक त्रूश यांनी २००४ मध्ये या प्रक्रियेला शिक्षकाकडून होणाऱ्या वर्गसंयोजनाची, म्हणजे साधने वर्गात कशी मांडावी व वापरावी याच्या आखणीची, जोड दिली. पॉल ड्रायव्हर्स व सहकाऱ्यांनी (२०१०) नेदरलँड्समधील वर्गांत अशा संयोजनाचे सहा प्रकार नोंदवले : तंत्र दाखवणे, पडदा समजावणे, पडदा व फळा जोडणे, पडद्यावर चर्चा, विद्यार्थ्याचे काम हेरून सर्वांसमोर आणणे, आणि विद्यार्थ्याच्या हाती यंत्र देऊन वर्ग चालवणे. उद्या तास घ्यायचा आहे अशा शिक्षकाला ही दुसरी मांडणी अधिक उपयोगी पडते.

भारतात केरळमधील ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ उपक्रमाने मुक्त (कोणालाही वापरता व बदलता येणाऱ्या) प्रणालींवर भर देऊन शिक्षक-प्रशिक्षण केले. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात जिओजिब्रावरील ध्वनिचित्र पाठ असून प्रकल्पातील पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत ध्वनिमुद्रित केले जातात. अशा पाठांतून रचना करायला शिकता येते. वर्गातील संयोजनासाठी सहकारी शिक्षकाने तासाला बसणे व नंतर त्यावर बोलणे आवश्यक ठरते.