लाइकवर पैसे मिळत नाहीत

विटा-तासगावकडं बैलगाडी शर्यतीचा व्हिडिओ यूट्यूबवर गाजला की पारावर हिशेब सुरू होतो: लाखभर व्ह्यूजचे एवढे हजार ठरलेले, लाइकचे वेगळे. वर्षानुवर्षं चाललेला हा समज चुकीचा आहे. यूट्यूबवर व्ह्यूजचा ठरलेला दर नाही आणि लाइकचा तर एक पैसाही मिळत नाही.

मुख्य कमाई जाहिरातींची. तिच्यात वाटा हवा तर १००० सबस्क्रायबर लागतातच; त्याबरोबर वर्षभरात ४००० तासांचं पाहणं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे, म्हणजे छोट्या व्हिडिओंचे, १ कोटी व्ह्यूज. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरात उत्पन्नातले ५५ टक्के चॅनेलवाल्याला मिळतात. बघणारा कुठल्या देशातला, हंगाम कुठला, मुळात जाहिरात दिसली का, यावर रक्कम हलते.

आपली पोरं खरी फसतात ती गाण्यात. मैदानात दिवसभर उन्हात उभं राहून शूटिंग करायचं आणि वर गाजलेलं गाणं चिकटवायचं! कंटेंट आयडी या यूट्यूबच्या आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेनं ते ओळखलं की जाहिरातीचे पैसे गाण्याच्या मालकाकडं जाऊ शकतात. त्यापेक्षा घुंगरांचा आवाज, निशाणाजवळचा गलका आणि समालोचकाची आरोळी तशीच राहू द्या.