रॉक नक्की कधी बिघडलं? आमच्या घरच्या भांडणाची पार्श्वभूमी

मामांच्या मते रॉक १९८० साली संपलं, लेड झेपलिनचा ड्रमर जॉन बॉनम गेला आणि बँड बंद झाला तेव्हा. माझ्या मते १९९४ ला, निर्वाणा बँडचा गायक कर्ट कोबेन गेला तेव्हा. माझा भाचा अकरावीला आहे, त्याला आम्हा दोघांचंही हसू येतं, तो ब्लडीवुड हा भारतीय बँड ऐकतो, ढोल आणि मेटल (म्हणजे जड, दणदणीत रॉक) एकत्र. दर दिवाळीला सांगलीत आमच्या घरी हा वाद होतो आणि मामी दर वेळी म्हणते आवाज कमी करा, आता गाण्याचा की आमचा ते ती काही सांगत नाही. म्हटलं एकदा मागं जाऊन बघावं हे रडगाणं सुरू कधी झालं.

तर रॉक जन्मल्यावर पाचेक वर्षांतच. १९५४ ला मेम्फिसच्या सन स्टुडिओतून एल्विस प्रेसलीची पहिली रेकॉर्ड निघाली, पुढच्या वर्षी चक बेरी आला, आणि १९५९ उजाडेपर्यंत सगळं आटोपल्यासारखं, लिटल रिचर्ड देवाधर्माला लागलेला, एल्विस लष्करात भरती, बडी हॉली ३ फेब्रुवारीला विमान पडून गेला, वय फक्त २२. लोक म्हणाले फॅड होतं, गेलं. १ जानेवारी १९६२ ला लंडनच्या डेका कंपनीनं बीटल्सची ऑडिशन घेऊन त्यांना नाकारलं, गिटारवाल्या ग्रुपांचे दिवस भरलेत असं तेव्हा सांगितलं गेलं असं बीटल्सच्या मॅनेजरनं नंतर लिहिलंय. म्हणजे मामांचा सुवर्णकाळ सुरू व्हायच्या आधीच एकदा रॉकचं तेरावं घालून झालेलं.

१९६५ ला तर दोन गोष्टी एकदम झाल्या. न्यूपोर्टच्या फोक फेस्टिवलला बॉब डिलन इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिला आणि त्याच्याच चाहत्यांतल्या बऱ्याच जणांनी हुर्यो उडवली. आणि त्याच वर्षी जॉर्ज हॅरिसननं बीटल्सच्या गाण्यात सतार वाजवली. ती सतार लंडनच्या दुकानातली होती, मिरजेची नव्हे, हे आधीच सांगतो कारण आमच्याकडं काही लोक छातीठोकपणे उलटं सांगतात. मिरजेला तशी खोट्या श्रेयाची गरज पण नाही, हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात तंबोरे-सतारी करायला घेतल्या त्या आजही होतात, २०२४ ला दोन्हींना जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं.

सतारीमुळं रविशंकर मॉन्टेरी (१९६७) आणि वूडस्टॉक (१९६९) अशा दोन्ही मोठ्या फेस्टिवलला वाजवून आले. मामा याचं कौतुक करतात, पण मॉन्टेरीला जिमी हेंड्रिक्सनं स्टेजवर गिटार जाळली ती बघून रविशंकर हादरले होते, ते मामा सोयीस्कर विसरतात. वाद्याला पाय लागला तरी नमस्कार करणारी माणसं आपण, त्यांना ते काय पटणार. म्हणजे मामांच्या लाडक्या काळातसुद्धा स्टेजवरच्याच एका मोठ्या कलाकाराला काहीतरी बिघडलंय असं वाटत होतंच की.

झेपलिनचं पण तेच. १९६९ ला रोलिंग स्टोन मासिकानं त्यांचा पहिला आल्बम झोडपला होता. शिवाय त्यांनी ब्लूज या जुन्या कृष्णवर्णीय अमेरिकी संगीतातलं इतकं उचललं की १९८५ ला त्यातल्याच विली डिक्सन या गीतकारानं केस केली आणि ती कोर्टाबाहेर मिटवावी लागली. १९७६-७७ ला पंक, म्हणजे साधं, झटपट, रांगडं रॉक वाजवणारी पोरं आली ती हेच म्हणत की हे लोक लांबलचक सोलो वाजवून सुस्तावलेत. पुढं १९८१ ला गाण्यांच्या व्हिडिओंचं एमटीव्ही चॅनेल, १९९१ ला निर्वाणा गाजली, प्रत्येक वळणावर तेच भांडण, त्यात फार शिरत नाही.

पण सगळं मनाचे खेळ असंही नाही बरं का, एक गोष्ट खरोखर बिघडली. सीडीच्या काळात आपलं गाणं शेजारच्या गाण्यापेक्षा मोठं वाजलं पाहिजे म्हणून कंपन्या हळू आवाज वर ओढायला आणि मोठ्या आवाजाची टोकं छाटायला लागल्या, सगळं एका पातळीत, हळू असं काही उरेना. आपल्याकडं गणपतीत डॉल्बीवाल्यांची जी चुरस असते तीच, फक्त स्टुडिओत. २००८ ला मेटॅलिका या मेटल बँडचा आल्बम आला तर फॅनच म्हणाले, यापेक्षा गिटार हिरो गेममधली गाणी बरी ऐकू येतात. २०१२ ला स्पेनमधल्या संशोधकांनी १९५५ ते २०१० मधली साडेचार लाखांवर गाणी कॉम्प्युटरला घालून हेच सांगितलं, आवाज वाढत गेलाय आणि नादातलं वैविध्य कमी झालंय, अर्थात त्यात सगळंच पॉप्युलर म्युझिक होतं, नुसतं रॉक नाही.

दुसरी गोष्ट धंद्याची. चार जण, ड्रमसेट, तालमीला खोली, हे सगळं जमवायचं तर खर्च, आणि लॅपटॉपवर एकटं पोरगं गाणं करतं. २०१७ ला अमेरिकेत हिप-हॉप आणि आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) हे प्रकार मिळून रॉकच्या पुढं गेले, २०१८ ला गिब्सन या गिटार कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. पण हा खप घसरला, वाजवणारे नाहीत घसरले, आणि वादात या दोन्हींची आम्ही कायम मिसळ करतो.

आता सांगलीचं म्हणाल तर आमच्यापर्यंत रॉक पोचायचं तेच मुळात चाळून. पुण्या-मुंबईहून कुणीतरी कॅसेट आणायचं, तिच्यावरनं दहा कॉप्या निघायच्या, कुठल्यातरी भिकार बँडसाठी कोरी कॅसेट कोण वाया घालवणार? त्यामुळं माझ्याकडं आलं ते बहुतेक निवडक. मामांकडं तर त्याहून कमी, दोन-चार एलपी. भाच्याच्या फोनवर मात्र अख्खं पोतं ओतलंय, खड्यांसकट, आणि आम्ही त्यातला खडा उचलून म्हणतो बघा, आजचं म्युझिक.

या दिवाळीला मी हे सगळं मामांना ऐकवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, तरी बॉनमसारखा ड्रमर दाखव. भाच्यानं लगेच फोन पुढं केला, ते पूर्ण पाच मिनिटं डोळे मिटून ऐकत होते, मग 'बरा आहे' एवढंच. दुसऱ्या दिवशी त्याच्या गिटारसाठी निम्मे पैसे मामांनीच दिले, आणि मामी म्हणाली अँप्लिफायर कुणाच्या घरात ठेवणार ते आधी ठरवा.