आयएनएस आंग्रे: किनाऱ्यावरच्या जहाजाची पार्श्वभूमी

एशियाटिकच्या पायऱ्यांवर बसून हॉर्निमन सर्कलकडे बघणारे पुष्कळ. पण या टाउन हॉलच्या पाठीमागे काय आहे असं विचारलं, तर बहुतेकांचं उत्तर ‘नेव्हीचं काहीतरी’ एवढंच असतं. उंच भिंत आणि पहारा, यापलीकडे बाहेरून काही कळतही नाही. त्या भिंतीआड आयएनएस आंग्रे आहे. आयएनएस म्हणजे इंडियन नेव्हल शिप. मात्र हे ‘शिप’ कधी पाण्यात उतरलेलं नाही. पश्चिम नौदल कमांडला लागणारा किनाऱ्यावरचा कारभार, म्हणजे निवास, पुरवठा, कार्यालयं असा सगळा संसार सांभाळणारा हा तळ आहे.

इमारतींना जहाज म्हणायची रीत ब्रिटिशांची. 1804 मध्ये मार्टिनिक बेटाजवळच्या डायमंड रॉक नावाच्या सुळक्यावर त्यांनी तोफा चढवल्या आणि तो खडकच युद्धनौका म्हणून नोंदवून टाकला. वर्षभराने फ्रेंचांनी तो घेतला, म्हणजे कागदोपत्री एक जहाज गेलं! पुढे या गमतीला कायद्याचा आधार मिळाला. नौदलाचा शिस्तीचा कायदा लागू व्हायचा तो कुठल्या तरी जहाजाच्या हजेरीपटावर असलेल्या माणसाला. मग बराकीत राहणाऱ्याचं, शाळेत शिकणाऱ्याचं काय? त्यांच्या बराकीलाच जहाज ठरवलं की प्रश्न मिटला. इंग्रजीत अशा तळांना थट्टेने ‘दगडी फ्रिगेट’ म्हणतात. तिथे जमिनीला डेक म्हणतात, स्वयंपाकघराला गॅली, आणि फाटकाबाहेर पडायचं तर आधी ‘लिबर्टी’ मिळावी लागते.

आंग्रेच्या आवाराचा इतिहास मात्र नौदलाहून जुना. 1554 च्या सुमारास पोर्तुगीजांनी मुंबई बेट खंडाने दिलं ते गार्सिया द ओर्ता या वैद्याला. इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ 1563 मध्ये गोव्यात छापला गेला. त्याची हवेली याच जागी होती. 1665 मध्ये बेट इंग्रजांच्या ताब्यात आलं, 1668 मध्ये राजाने ते ईस्ट इंडिया कंपनीला दिलं, आणि हवेलीभोवती तट-बुरूज चढत जाऊन तिचा बॉम्बे कॅसल झाला. मुंबईकर ज्याला फोर्ट म्हणतात, त्याचं मूळ बीज हे.

या किल्ल्याची सगळ्यात मोठी डोकेदुखी होती कान्होजी आंग्रे. कोकण किनाऱ्याने जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी मराठ्यांच्या सरखेलाचा, म्हणजे आरमारप्रमुखाचा, दस्तक घ्यावा, असा त्यांचा दंडक. कंपनी स्वतः लोकांना असेच परवाने विकत होती, पण दुसऱ्याचा घ्यायला तयार नव्हती. इंग्रजी कागदपत्रांत कान्होजींना चाचे म्हटलंय ते या भांडणातून. लढण्याची पद्धत साधी आणि भलतीच परिणामकारक होती: वारा पडला की वल्ह्यांची गलबतं गुराबांना, म्हणजे तोफा असलेल्या मोठ्या जहाजांना, ओढत शत्रूच्या पिछाडीला नेत, आणि ज्या बाजूला तोफा कमी तिथून मारा सुरू. शिडांवर अवलंबून असलेलं अवजड इंग्रजी जहाज जागच्या जागी वळायचं कसं?

गव्हर्नर चार्ल्स बून याने 1715 पासून कंबर कसली. गावाभोवतीचा तट पुरा केला, गलबतं बांधून घेतली. 1718 मध्ये आंग्र्यांच्या खांदेरी या बेटावरच्या किल्ल्यावर चाल केली, ती फसली. 1721 मध्ये पोर्तुगीजांना सोबत घेऊन अलिबागच्या कुलाब्यावर चाल केली, तीही फसली. 1729 मध्ये कान्होजी वारले, तोवर कंपनीला त्यांचा एकही मोठा किल्ला घेता आला नव्हता. आंग्र्यांचं आरमार संपलं ते 1756 मध्ये, विजयदुर्गाच्या बंदरात जळून. त्या मोहिमेत इंग्रजांच्या जोडीला पेशवे होते. मराठी माणसाला ही ठसठस अजून आहे आणि असावीच.

कंपनीच्या बॉम्बे मरीनची नावं बदलत गेली, 1934 मध्ये ती रॉयल इंडियन नेव्ही झाली. दुसऱ्या महायुद्धात भरती एकदम फुगली, तेव्हा किनाऱ्यावरच्या ‘जहाजां’चं पीक आलं. कॅसलमध्ये नाविकांच्या बराकी झाल्या. त्यांना आधी डलहौसी असं नाव होतं, मग कॅसल बॅरॅक्स. मुंबईतल्या कुलाब्याला ‘तलवार’ ही सिग्नल शाळा होती. 15 फेब्रुवारी 1945 ला लोणावळ्यात इंजिनांचं शिक्षण देणारी शाळा निघाली आणि तिचं नाव ठेवलं ‘शिवाजी’. उद्घाटन कुणी करावं? मुंबईचे गव्हर्नर सर जॉन कोलव्हिल यांनी. सुरतेच्या वखारीने ज्यांचा धसका घेतला होता, त्यांचं नाव इंग्रज गव्हर्नर घाटमाथ्यावरच्या, समुद्र दिसतही नसलेल्या जहाजाला देत होता.

वर्षभरातच ही दगडी जहाजं पेटली. 18 फेब्रुवारी 1946 ला निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची शिवीगाळ यांवरून ‘तलवार’वरच्या नाविकांनी काम बंद केलं. 21 तारखेला कॅसल बॅरॅक्सला लष्कराचा वेढा पडला. पहाऱ्यावर आधी मराठा पलटणीचे जवान होते, नंतर गोरे सैनिक आणले गेले. आतल्यांनी शस्त्रागार उघडलं आणि काही तास गोळीबार झाला. बाहेर मुंबईकर नाविकांसाठी खाणं घेऊन येत होते. 23 तारखेला नाविकांनी शरणागती पत्करली, पण तोवर शहरात 200 हून जास्त माणसं मेली होती.

फाळणीत आणखी एक फटका बसला. बहादूर, दिलावर, हिमालया या मोठ्या प्रशिक्षण संस्था कराचीत होत्या, त्या पाकिस्तानकडे गेल्या. शिकवण्याची व्यवस्था नव्याने उभारावी लागली आणि तिचं केंद्र कोचीनला गेलं. आज दक्षिण नौदल कमांड हीच नौदलाची प्रशिक्षण कमांड आहे, आणि लोणावळ्याची ‘शिवाजी’ही प्रशिक्षणापुरती तिच्याच हाताखाली येते. अधिकारी घडवणारी अकादमी मधली काही वर्षं गोव्यात ‘मांडवी’वर होती. 2009 पासून ती केरळात एळिमलाला आहे. मुंबईकडे राहिला तो मुख्यतः लढाऊ ताफा, आणि त्याचं घर चालवण्याचं काम.

ते घर म्हणजे कॅसल बॅरॅक्स. सप्टेंबर 1951 मध्ये त्यांचं नाव आयएनएस आंग्रे झालं. ज्या कोटात बसून बूनने खांदेरीच्या मोहिमा आखल्या, त्याच कोटावर. नामांतरं आपल्याकडे उदंड होतात, पण इतकं नेमकं क्वचितच साधतं. जुन्या प्रवेशद्वारावर खांद्यावर पृथ्वीगोल घेतलेले दोन दगडी पोर्तुगीज शिपाई मात्र काढले नाहीत. ते अजून तिथेच पहाऱ्यावर आहेत.