रेघ बरोबर, टोक चुकलं

बॉम्बफेकी विमानाची कारकीर्द मोहिमांत मोजतात. ‘लेडी बी गुड’ या अमेरिकी बी-२४ लिबरेटरच्या खात्यावर एकच मोहीम आहे, आणि तीही अर्धवट.

४ एप्रिल १९४३ रोजी लिबियातल्या सोलूक तळावरून २५ विमानं इटलीच्या नेपल्स बंदराकडे निघाली. धुळीच्या वादळात ‘लेडी’ मागे पडली. वैमानिक विल्यम हॅटन आणि त्याच्या आठ साथीदारांची ही पहिलीच मोहीम. लक्ष्यावर हल्ला करणं काही जमलं नाही. बॉम्ब समुद्रात टाकून विमान एकटंच परत फिरलं.

मध्यरात्र उलटल्यावर हॅटनने रेडिओवरून दिशा विचारली. बेनिना केंद्राने कळवलं: तुम्ही ३३० अंशांवर, म्हणजे आमच्या वायव्येला, समुद्राच्या बाजूला आहात.

गोम इथे आहे. तेव्हा दिशा शोधायला तारेचं वेटोळं, म्हणजे लूप अँटेना, फिरवत. वेटोळं लहरींच्या वाटेला काटकोनात आलं की आवाज अगदी क्षीण होतो, आणि त्यावरून दिशा कळते. पण लहरी पुढून आल्या काय नि मागून आल्या काय, आवाज सारखाच पडतो! यंत्र फक्त रेघ दाखवतं, तिचं कुठलं टोक खरं ते सांगत नाही. ३३० आणि १५० अंश त्याला एकच. दुसऱ्या केंद्राची रेघ मिळाली तर दोन्ही जिथे छेदतात ती जागा नेमकी ठरते. विमानं नेहमी समुद्राकडून येत, म्हणून केंद्राने ते टोक धरलं. तोवर विमान तळ ओलांडून वाळवंटावर पोचलं असावं, असं मानलं जातं. झोपेत स्टेशन मागे गेलेल्या प्रवाशाला आपलं गाव अजून यायचंय असंच वाटतं, तसं ते पुढेच जात राहिलं.

सुमारे दोन तासांनी इंधन संपत आलं तेव्हा सगळ्यांनी पॅराशूट घेऊन उड्या मारल्या. रिकामं विमान एका इंजिनावर २६ किलोमीटर पुढे जाऊन आपसूक पोटावर उतरलं.

१९५८ मध्ये तेल शोधणाऱ्यांना ते वरून दिसलं, सोलूकपासून सुमारे ७१० किलोमीटर आत. हवेत ओल नाही, त्यामुळे गंजही जवळपास नाही. मशिनगन चालत होती, रेडिओ चालत होता, थर्मासमधला चहासुद्धा पिण्याजोगा होता.

माणसांचे अवशेष १९६० मध्ये मिळाले, मूर नावाचा गनर सोडून. सहवैमानिक टोनरची डायरीही मिळाली. एकाचं पॅराशूट नीट उघडलंच नव्हतं. उरलेले आठजण समुद्र जवळच आहे असं समजून चालत निघाले, दिवसाला बाटलीच्या झाकणाएवढं पाणी पीत. पाचजण सुमारे १३० किलोमीटर चालून थांबले, तिघे त्याहीपुढे गेले. डायरीतली शेवटची नोंद १२ एप्रिलची आहे.

या वेळी दिशा चुकली नव्हती. समुद्र उत्तरेलाच होता, पण सहाशेहून अधिक किलोमीटरवर. आणि अन्न, पाणी, चालू रेडिओ असलेलं विमान त्यांच्या पाठीमागे, दक्षिणेला पडलं होतं.